क्रमांक चौदा आणि क्रमांक एकतीस

आज बुधवार आहे असं कोणी सांगितलं, तर दौलत मास्तर आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहत, मग शाळेचं हजेरीपत्रक उघडत, आणि मग कुठं म्हणत, "असंल बावा." माणूस वाईट नव्हता. पोरांना जीव लावून शिकवायचा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण विश्वास नावाचा पाहुणा त्यांच्या घरी कधी मुक्कामाला आला नाही. भाजीवाल्याचा काटा, डॉक्टरची गोळी, बसच्या पाटीवरचं गावाचं नाव, रेडिओवरचा पावसाचा अंदाज, सगळ्यांना आधी त्यांच्या दारात उभं राहून ओळख पटवावी लागे. बायको रुक्माबाई म्हणायची, "हे मेल्यावर बी उठून म्हणतीन, नाडी दुसऱ्यांदा पाहा."

निम्मा दोष गावाचा होता. आदिलाबाद जिल्ह्यातल्या केरामेरीकडच्या डोंगरावर त्यांचं पळसगुडा. आंध्र म्हणायचा गाव आमचं, महाराष्ट्र म्हणायचा आमचं, आणि गाव म्हणायचं, घ्या, दोघंही घ्या. घरटी दोन रेशनकार्डं, माणशी दोन मतं, गावाला दोन सरपंच, एक मराठी शाळा आणि एक तेलुगू. पोलिओचे थेंब पाजून इकडची नर्स गेली की पंधरवड्यानं तिकडची यायची, आणि लेकरं पुन्हा आ करायची. बाहेरच्यांना वाटे, मजा आहे यांची. मजा कसली, दोन घरचा पाहुणा उपाशी. रस्त्याची मोजणी दोन्ही सरकारांनी चार-चार वेळा केली होती, रस्ता कोणीच केला नव्हता.

त्यातून गावाला एक सवय जडली. कोणताही कागद एकीकडं द्यायचा नाही. एक आंध्राच्या टपालानं धाडायचा, एक महाराष्ट्राच्या. जो पोचेल तो आपला. विहिरीचा अर्ज असो की लग्नाची पत्रिका, पळसगुड्याहून प्रत्येक गोष्ट जोडीनं निघायची. महाराष्ट्राच्या कागदांवर मास्तर होते दौलत धोंडीबा दुर्गे. आंध्राच्या कार्डावर, तिकडच्या रीतीनं आडनावाचं अक्षर पुढं लावून, डी. दौलत. यात काही वावगं आहे असं गावात कोणालाच वाटत नसे.

दोषाचा दुसरा निम्मा भाग बापाचा. धोंडीबा तरणा असताना, निजामाच्या राज्यात, मजुरांच्या टोळीबरोबर आदिलाबादेला गेला होता. तिथं विमान उतरायच्या मैदानावर त्यानं दोन महिने रोलर ओढला. परत आल्यावर त्यानं सांगितलं की एका दुपारी खरोखरचं विमान उतरलं, वैमानिकानं मजुरांना जवळ येऊ दिलं, आणि आपण त्याच्या पंखाला हात लावला. इथवर लोकांनी ऐकून घेतलं. पण तो पुढं म्हणाला, "थंडगार होता पंख. माठावानी." वैशाखाची दुपार, पत्र्याचा पंख, आणि म्हणे थंडगार! गाव पोट धरून हसलं. तेव्हापासून पळसगुड्यात कोणी थाप मारली की दुसरा विचारायचा, "काऊन बे, पंख थंड हाये काय?" धोंडीबा मरेपर्यंत तेच सांगत राहिला आणि मरेपर्यंत कोणी मानलं नाही. दौलतनंही मानलं नाही, आणि हीच गोष्ट त्यांना आतून कुरतडायची. बापावर विश्वास ठेवावासा वाटे, पण पुरावा नव्हता. कागद नसला की खरा माणूससुद्धा खोटा ठरतो, एवढा एक धडा त्यांनी बापाच्या आयुष्यातून घेतला आणि पुढं जन्मभर गिरवला.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते धाकट्या बहिणीकडं, चंद्रभागेकडं, बेल्लमपल्लीला गेले. तिचा नवरा सुधाकरराव कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकून. कंपनीच्या क्वार्टरमध्ये वीज रात्रंदिवस असायची, म्हणून सुधाकररावांनी लोकांचे अर्ज टाइप करून द्यायला एक जुना कंप्युटर घरात आणून ठेवला होता. त्यात विमान चालवायचा एक प्रोग्राम होता.

पडद्यावर धावपट्टी आली, इंजिन घरघरलं. मास्तरांनी चष्मा पुसला. "हा सिनेमा हाये."

"सिनेमा नाही, मास्तर. तुमीच चालवून राह्यले ते," सुधाकरराव म्हणाले. "ह्या बाणाच्या बटणावर बोट ठेवा."

"म्या बोट ठेवलं काय अन् नाही ठेवलं काय, ते आपल्या मनानंच जाऊन राह्यलं."

"मंग खाली दाबून पाहा ना."

मास्तरांनी दाबलं. विमानानं नाक खाली घातलं आणि ते सरळ जमिनीत घुसलं. पडदा थिजला. चंद्रभागा स्वयंपाकघरातून धावत आली. मास्तर मात्र समाधानानं मागं रेलले. "हां. आता पटलं."

त्या प्रोग्राममध्ये विमानांची यादी होती आणि यादीत तळाशी एक डाकोटा होतं, महायुद्धाच्या काळचं, दोन इंजिनांचं, शेपूट जमिनीवर टेकवून बसणारं. बापानं हात लावलेलं विमान हेच होतं की दुसरं, ते मास्तरांना कधी कळणार नव्हतं. पण त्या दिवसापासून त्यांनी दुसरं विमान उघडलं नाही. दर दुसऱ्या रविवारी पहाटे डोंगर उतरायचा, आसिफाबादेहून बस बदलायची आणि बेल्लमपल्ली गाठायची, असा नेम सुरू झाला. धावपट्टीवर डाकोटाची शेपूट उचलली जाण्याआधी ते डावीकडं ओढ घेतं, त्याला नेमकं किती सावरायचं, हे बोटांना कळायला दोन महिने लागले. हे विमान लहरी होतं. मास्तरांना ते फार आवडलं, कारण ते गोड बोलत नव्हतं.

गणपतीच्या सुमारास नागपूरच्या एका वर्तमानपत्रात चार ओळींची सूचना आली. जुन्या विमानांच्या शौकिनांचं तिथं एक मंडळ होतं, आणि ते कंप्युटरवरची हवाई रॅली भरवत होतं. विमान पन्नास वर्षांपूर्वीचंच हवं. मार्ग कराची, अहमदाबाद, मुंबई, नागपूर, हैदराबाद, मद्रास असा पाच टप्प्यांचा. आपोआप उडवणारं बटण दाबायचं नाही. होकायंत्र, नकाशा आणि घड्याळ एवढ्यावरच जायचं. वारा कुठून किती ते मंडळ पत्रानं कळवणार. किती वेळ लागेल ते स्पर्धकानं आधी कागदावर लिहायचं, मग उडायचं, आणि उड्डाणाची नोंद फ्लॉपीवर घेऊन टपालानं धाडायची. ज्याचा अंदाज खरा तो वरचढ. पहिल्या दहांना प्रमाणपत्र.

मास्तरांनी ती सूचना तीनदा वाचली. जोरात कोण उडतो हा प्रश्नच नव्हता. कोण खरं सांगतो एवढंच पाहायचं होतं. 'या माणसानं जे लिहिलं ते तसंच झालं,' असं कोणीतरी सहीशिक्क्यानिशी लिहून देणार होतं. दुर्गे घराण्यात असा कागद आजवर कोणाला मिळाला नव्हता. मास्तरांना तो हवा होता, आणि इतका हवा होता की बायकोलाही त्यांनी सांगितलं नाही.

अर्ज अर्थातच दोन गेले. एक जिवतीच्या टपालातून, दौलत धोंडीबा दुर्गे, जिल्हा चंद्रपूर. एक केरामेरीच्या टपालातून, डी. दौलत, जिल्हा आदिलाबाद. उत्तरंही दोन आली, तीन आठवड्यांच्या अंतरानं. मजकूर एकच, नियम तेच. फक्त एकाच्या माथ्यावर 'क्र. १४' होतं आणि दुसऱ्याच्या 'क्र. ३१'. मास्तरांची सारी हयात सरकारी पत्रं वाचण्यात गेलेली. माथ्यावरचा आकडा म्हणजे कचेरीचा जावक क्रमांक, हे त्यांना पहिलीतल्या पोराइतकं पक्कं ठाऊक होतं. जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या या माणसानं तेवढ्या एका आकड्यावर मात्र घेतला नाही. दोन्ही पत्रं त्यांनी फायलीत लावली आणि कामाला लागले.

शाळेचा नकाशा, पोरांच्या कंपासातला कोनमापक आणि सुतळीचा तुकडा, एवढ्यावर मास्तर वाऱ्याचा हिशेब करत. मनगटावरचं घड्याळ ते रेडिओच्या बातम्यांआधीच्या ठोक्यांशी लावत, सुधाकररावांच्या भिंतीवरच्या घड्याळाशी ताडत, आणि खाणीचा भोंगा वाजला की पुन्हा तिन्हींकडं रोखून पाहत.

"भोंगा बी खोटा काय?" सुधाकरराव विचारत.

"वाजवनारा मानूसच हाये ना."

उड्डाण संपलं की फ्लॉपी डब्यात, आणि डब्याच्या झाकणावर आडवी कागदाची पट्टी. पट्टीवर अर्धी आणि डब्यावर अर्धी अशी मास्तरांची सही. वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांच्या पाकिटाला मोहोर करतात ना, अगदी तसं. डबा मात्र सुधाकररावांच्याच कपाटात राहायचा, कारण डोंगरावरच्या धुळीवर मास्तरांचा त्याहून कमी विश्वास होता. ज्याच्या घरात बसून चहा प्यायचा, ज्याची वीज जाळायची, त्याच्याच नाकासमोर त्याच्याच कपाटातल्या डब्याला मोहोर! चंद्रभागेला ते लागायचं. सुधाकरराव हसून नेत. "मास्तर, डब्यावर एक पोलीस बी बसवा."

पोलीस डब्यावर नाही, पण बसमध्ये भेटला. डोंगरातल्या नक्षलवाद्यांच्या हालचालींमुळं त्या वर्षी नाक्यानाक्यावर झडती होती. शिपायानं पिशवीतून नकाशा काढला. कराचीपासून मद्रासपर्यंत लाल रेघ, रेघेवर अंश, मिनिटं, बाण.

"एमिटिदी?" हे काय आहे, असं त्यानं विचारलं.

"आट, सार. विमानम आट," मास्तरांनी मोडक्या तेलुगूत खेळ असल्याचं सांगितलं.

शिपायानं त्यांचे पांढरे केस पाहिले, कोनमापक पाहिला, मग पुन्हा केस पाहिले. मग हिंदीत विचारलं, "गाँव किधर है? आंध्रा या महाराष्ट्रा?"

"दोनों," मास्तर सवयीनं बोलून गेले.

त्यानंतरचा दीड तास त्यांनी नाक्यावरच्या बाकावर काढला. शेवटी बसमधल्याच एका शिक्षकानं ओळख दिली तेव्हा सुटका झाली. उठताना शिपाई अजून नकाशाकडंच पाहत होता, आणि मास्तरांना त्याचा राग आला नाही. त्या जागी आपण असतो तर आपणही सोडलं नसतं, असं त्यांना वाटलं.

चौथा टप्पा नागपूर ते हैदराबाद. मास्तरांनी कागदावर लिहिलं, एक तास सेहेचाळीस मिनिटं, आणि उडाले. वर्धा नदी मागं पडली. पंचवीस मिनिटांनी त्यांनी सुधाकररावांना हाक मारली. "आता खाली आपला डोंगर यायले पायजे."

दोघंही पडद्याला डोळे लावून बसले. खाली नुसता हिरवा सपाट रंग होता. ना डोंगर, ना पळसगुडा, ना केरामेरी, ना जिवती. दोन राज्यांच्या दफ्तरांत दोनदा असलेलं गाव कंप्युटरात एकदाही नव्हतं.

"पाहा," मास्तर म्हणाले, "इथं बी रस्ता नाही." सुधाकरराव इतके हसले की चंद्रभागाही येऊन उभी राहिली. मास्तरही हसले. इतक्या महिन्यांत त्या घरात ते पहिल्यांदा मोकळे हसले होते. हैदराबादेला चाकं टेकली तेव्हा अंदाजात आणि घड्याळात अकरा सेकंदांचा फरक होता.

पाचही टप्पे झाले. मास्तरांनी फ्लॉपीची नक्कल काढवून घेतली, नोंदवही दोनदा उतरवली, आणि गावच्या रीतीनं दोन पाकिटं केली. शिस्त म्हणून एकात लिहिलं, 'संदर्भ: आपले पत्र क्र. १४,' आणि दुसऱ्यात, 'संदर्भ: आपले पत्र क्र. ३१.' एक जिवतीहून, एक केरामेरीहून रवाना झालं.

जानेवारीच्या अखेरीस जिवतीच्या टपालानं पत्र आलं. मास्तरांनी ते वर्गातच फोडलं. 'आपली फ्लॉपी व नोंदवही ही आदिलाबाद जिल्ह्यातील दुसऱ्या एका स्पर्धकाच्या फ्लॉपीशी व नोंदवहीशी सेकंदासेकंदाने जुळते. ही उघड नक्कल असल्याने दोन्ही स्पर्धकांना बाद करण्यात येत आहे. दुसऱ्या स्पर्धकाचे नाव नियमानुसार कळवता येत नाही.'

खोटा! बापाला गावानं तोंडानं म्हटलं होतं, यांना टाइप करून पाठवलं होतं. आणि आदिलाबाद जिल्ह्यात कंप्युटर किती, त्यातले विमान उडवणारे किती, आणि त्यातले मास्तरांच्या फ्लॉपीपर्यंत हात पोचणारे किती? हिशेब सोपा होता. मास्तरांनी तो पहिल्याच बसमध्ये करून टाकला.

सुधाकरराव जेवायला बसत होते. मास्तरांनी चप्पलही न काढता पत्र त्यांच्या ताटाशेजारी आपटलं. "हे काऊन केलं?"

सुधाकररावांनी हात पुसून पत्र वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. "मले काहीच समजून नाही राह्यलं, मास्तर."

"तुमाले नाही समजनार तं कोनाले? डबा तुमच्या कपाटात होता. मशीन तुमची. मी दोन हप्ते इकडं नसतो."

"डब्यावर तुमची पट्टी होती. कधी फाटलेली दिसली काय?"

"नाही दिसली."

"मंग?"

"पट्टी वाफेवर काढून परत लावता येते," मास्तर म्हणाले.

एरवी शब्दाला शब्द लावणारा माणूस, पण सुधाकररावांनी फक्त ताट बाजूला सारलं. बोलली ती चंद्रभागा. तिनं कंप्युटरवर त्याचं कापडी झाकण घातलं आणि म्हणाली, "दादा, तू मोठा हायेस म्हनून घराबाहेर नाही काढत. पन ज्या घराले पट्टी लावा लागते, त्या घराचं पानी काऊन पेतोस? जा आता." मास्तर तसेच फिरले. पत्र ताटाजवळच राहिलं.

मधले बारा दिवस फार वाईट गेले. बहीण तुटली, प्रमाणपत्र गेलं, आणि वर्गातल्या पोरांकडून गावात कुजबुज झाली ती वेगळीच. उद्धवराव नावाचे एक शेतकरी शाळेवरून जाताना सहज म्हणाले, "काय मास्तर, तुमचं विमान बी थंडच निंगालं म्हनते!" मास्तरांनी खिडकी लावून घेतली.

तेराव्या दिवशी केरामेरीचं टपाल आलं. तिकडचा पोस्टमन आठवड्यातून एकदाच डोंगर चढायचा. पाकिटावर नाव डी. दौलत. आत तेच कागद, तीच सही, तोच मजकूर. फक्त एका ठिकाणी बदल होता: 'चंद्रपूर जिल्ह्यातील दुसऱ्या एका स्पर्धकाच्या फ्लॉपीशी.'

मास्तरांनी फाईल काढली. सप्टेंबरातली दोन पत्रं शेजारी शेजारी ठेवली. चौदा. एकतीस. हे जावक क्रमांक नव्हते, स्पर्धकांचे क्रमांक होते. रुक्माबाई दाणे पाखडत होती, तिनं सूप थांबवलं. "काय झालं?"

"चोर सापडला."

"कोन?"

"मीच," मास्तर म्हणाले. आणि सगळं सांगून टाकलं, प्रमाणपत्राच्या हावेसकट.

रुक्माबाईनं ऐकून घेतलं. "मंग आधी बेल्लमपल्लीले जा."

"आधी नागपूरले. हातात कागद नसताना कोन्या तोंडानं जाऊ त्याइच्या दारात?"

"त्याइनं कधी कागद मागतला होता तुमाले?" तिनं विचारलं. तरी मास्तर आधी नागपूरलाच गेले. खोड अशी एका दिवसात जात नसते.

जाण्यापूर्वी त्यांनी पुरावे गोळा केले. महाराष्ट्राच्या सरपंचाकडून दाखला घेतला की सदर दौलत धोंडीबा दुर्गे व डी. दौलत हे एकच इसम आहेत. आंध्राच्या सरपंचाकडूनही तसाच घेतला. दोन रेशनकार्डं, दोन मतदार याद्यांचे उतारे, पिशवी भरली.

मंडळाचे चिटणीस लक्ष्मणराव हे सत्तरीचे, उंच, काटकुळे गृहस्थ. तीस वर्षं त्यांनी विमानांची इंजिनं खोलून पुन्हा बसवली होती. त्यांनी एकेक कागद घेतला, उजेडाला धरला, शिक्के नखानं खरवडून पाहिले. मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या तोडीचा माणूस भेटला, आणि समोरून हे सगळं कसं वाटतं तेही कळलं.

"एक माणूस असल्याचे दोन दाखले," लक्ष्मणराव म्हणाले. "आणि दोन कार्डं. मास्तर, आमच्याकडे दोन कार्डवाल्याला लबाड म्हणतात."

"आमच्याकडं त्याले गावकरी म्हनते," मास्तर म्हणाले. त्यांनी गावाची सगळी कथा सांगितली. लक्ष्मणराव ऐकत होते, पण चेहऱ्यावरची सुरकुती हलत नव्हती.

"हे सगळे कागद खरे असतीलही. पण यांच्यावर मी तुम्हाला परत घेतलं नसतं," ते शेवटी म्हणाले, आणि त्यांनी खणातून एक निळं आंतर्देशीय पत्र काढलं. "हे आठवड्यापूर्वीच आलंय. वाचा."

अक्षर सुधाकररावांचं होतं. तारीख भांडणाच्या दुसऱ्या दिवशीची.

'साहेब, क्रमांक चौदा हे माझ्या पत्नीचे वडील बंधू. कालच ते माझ्यावर चोरीचा आळ घेऊन गेले, तेव्हा त्यांची बाजू घेण्याचे मला काही कारण नाही. परंतु सात-आठ महिने त्यांना विमान चालवताना मी पाहिले आहे. ते माझे घड्याळ मानत नाहीत, खाणीचा भोंगा मानत नाहीत, रेडिओ मानत नाहीत. असा मनुष्य दुसऱ्याने काढलेला आकडा आपला म्हणून लिहील हे मला शक्य वाटत नाही. नक्कल करायला दुसऱ्यावर विश्वास असावा लागतो. तो त्यांच्यापाशी नाही. चूक कुठे झाली ते मला ठाऊक नाही, पण मनुष्य खरा आहे. आपला, सुधाकर.'

मास्तरांनी चष्मा काढला. पत्र वाचायला तो लागत होता, पण आता डोळे पुसायला तो आड येत होता. ज्या माणसाच्या तोंडावर त्यांनी चोर म्हटलं, त्यानं काही न मागता, कोणत्याही शिक्क्याशिवाय, नुसत्या आपल्या शब्दाच्या भरवशावर त्यांना खरं ठरवलं होतं. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"एक नाव खोडावं लागेल," लक्ष्मणराव वही उघडत म्हणाले. "चौदा की एकतीस?"

पळसगुड्यात चाळीस वर्षांत कोणी स्वतःचं नाव कुठून खोडलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "चौदा खोडा. विमान बेल्लमपल्लीतून उडालं, सुधाकररावाच्या घरातून. ते घर एकतीसकडं येते. पन नाव पुरं लिहा, साहेब. दौलत धोंडीबा. बापाचं नाव राहू द्या."

"वडिलांना विमानाचा नाद होता?"

"एकदा हात लावला होता म्हनत. आदिलाबादेत. मजूर होते." पुढचं सांगावं की नाही, मास्तर अडखळले.

"उतरल्या-उतरल्या लावला असेल तर बोटं गारठली असतील," लक्ष्मणराव लिहिता लिहिता म्हणाले. "वरच्या थंडीतून आलेलं असतं, टाक्यांतलं पेट्रोल गार असतं. आम्ही उन्हाळ्यात मुद्दाम पंखाला गाल लावून उभे राहायचो."

पन्नास वर्षांनी कोणीतरी धोंडीबाची साक्ष काढली होती, आणि ती ऐकायला धोंडीबा नव्हता. मास्तरांनी टेबलाची कड घट्ट धरली.

तिसरा क्रमांक मिळाला. प्रमाणपत्र घेऊन मास्तर रेल्वेनं थेट बेल्लमपल्लीला उतरले. दार चंद्रभागेनं उघडलं आणि ती बाजूला झाली. मास्तरांनी चप्पल काढली, आत गेले आणि सुधाकररावांपुढं उभे राहिले. "माह्यं चुकलं, जवाईबुवा. चोर मीच होतो. दोन्हीकडून अर्ज धाडले अन् सोताच सोताची नक्कल केली."

सुधाकररावांनी प्रमाणपत्र हातात घेतलं, उजेडाला धरलं, उलटं करून पाहिलं. "खरं हाये ना हे? शिक्का वल्ला वाटून राह्यला."

स्वयंपाकघरातून चंद्रभागेचं हसू ऐकू आलं. मग चहा आला. कंप्युटरवरचं झाकण निघालं आणि मास्तरांनी पुन्हा एकदा नागपूरहून डाकोटा उडवलं. हिरव्या सपाटीवर आल्यावर दोघांनीही, काही दिसणार नाही हे माहीत असून, खाली पाहिलं.

निघायची वेळ झाली. फ्लॉपी डब्यात गेली, डबा कपाटात गेला. मास्तर पिशवी उचलून दाराशी आले तशी सुधाकररावांनी मागून हाक मारली. "मास्तर, पट्टी लावाची राहिली ना."

"नाही राहिली," मास्तर म्हणाले, आणि बस पकडायला निघाले.